गाडी मोकळी हाय का तुमची?

डिसेंबरातली रात्र. साडेदहा वाजून गेले होते. साखर कारखान्याच्या गाडी अड्ड्यावर उसाने भरलेल्या टायरगाड्यांची रांग लागलेली. काट्यावर नंबर यायला पहाट होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून बैल सोडून चाकांना बांधलेले आणि पुढ्यात वाढं टाकलेलं. मी एका गाडीच्या टायरला टेकून बसले, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि माझ्या डिप्लोमा फिल्ममधला नववा शॉट एका दादांना आणि वहिनींना दाखवला.

बारा सेकंदांचा शॉट. बाजूने दिसणारी बैलजोडी भरलेली गाडी ओढत चालली आहे, वर मोळ्यांवर एक पोर झोपलंय. या बारा सेकंदांना मी पावणेदोन महिने दिले होते. गाइड सरांनी तो पास केला होता, वर्गात टाळ्या पडल्या होत्या. दादांनी दोनदा पाहिला, तिसऱ्यांदा लावायला सांगितला आणि विचारलं,

"ताई, गाडी मोकळी हाय का तुमची?"

"नाही दादा, भरलेली आहे. वर ऊस दिसतोय ना?"

"ऊस दिसतोय की. पण बैलाला कुठं म्हाईत हाय त्यो?"

वहिनींनी स्क्रीनवरच्या पोरावर बोट ठेवलं. "आन् पोरगं असं कडंला कोण निजवतं? गचका बसला की खाली. मधी खाच करून निजवत्यात, दोन मोळ्यांच्या मधी."

आबांच्या मोटरसायकलवर मागे बसून घरी येताना मी एक शब्द बोलले नाही. दादांचं म्हणणं मला तिसऱ्यांदा शॉट लावतानाच पटलं होतं. माझे बैल छान चालत होते. पाय योग्य क्रमाने पडत होते, शेपट्या लयीत हलत होत्या, माना वरखाली होत होत्या. फक्त ते काही ओढत नव्हते. गाडी त्यांच्यामागून आपली आपण येत होती.

मी कराड तालुक्यातली. आमचा दोन एकर ऊस आहे. दिवाळीनंतर बीडकडून टोळी येते, ओढ्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात आणि मार्चअखेर उठतात. ज्यांच्या कोयत्याने आमचं पीक शेताबाहेर पडतं ती माणसं मी लहानपणापासून पाहत आले, पण फिल्मचा विषय मिळाला तो एसटीत. बारावीला असताना क्लासहून शेवटच्या गाडीने परत येत होते. एसटीच्या दिव्यांचा झोत पुढे चाललेल्या उसाच्या गाडीवर पडला. वर एक मूल झोपलं होतं, तोंडावर उजेड आला तसं ते कूस बदलून पलीकडे वळलं. एसटीने गाडीला ओलांडायला चारेक सेकंद घेतले असतील. पुण्यात ॲनिमेशनला प्रवेश घेतला, तीन वर्षं गेली, शेवटच्या वर्षाला फिल्मचा विषय द्यायची वेळ आली तेव्हा वहीत दुसरं काही उतरेचना. नाव ठेवलं 'खेप'.

सरांनी पहिल्या बैठकीत सांगितलं होतं, "हे तू बसच्या खिडकीतून पाहिलंयस. जवळ जाऊन ये." मी गेले, पण ऑगस्टमध्ये. तेव्हा ना टोळी होती ना गाड्या. रस्ता, शेत आणि कारखान्याची बंद चिमणी यांची चित्रं काढून आणली आणि जवळ जाऊन आल्याचं समाधान मानलं. तिथेच चुकलं. ज्याची फिल्म करायची त्याचा हंगाम कधी असतो हे पाहून वेळापत्रक आखायला हवं होतं. मी कॉलेजच्या सत्राप्रमाणे आखलं.

पहिला स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटांची ओळीने काढलेली कच्ची चित्रं, सात मिनिटांचा झाला. त्यात आईची आठवण होती, मुकादम होता, उचलीचा हिशेब होता, कारखान्याच्या आतली यंत्रं होती. २८ ऑक्टोबरला कॉलेजात ॲनिमॅटिक दाखवायचा होता. हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस. १८९२ साली याच तारखेला एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये हाताने रंगवलेल्या हलत्या चित्रांचा खेळ लोकांसमोर केला होता. आमच्याकडे त्या दिवशी शेवटच्या वर्षाची मुलं आपापले ॲनिमॅटिक लावतात. ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं ठरलेल्या वेळेला बसवून, कच्चा आवाज घालून केलेली फिल्मची सावली. माझा लागला तेव्हा तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत मोबाइल उजळायला लागले. मी नंतर कुणाला काही विचारलं नाही. खोलीवर जाऊन भिंतीवरचे स्टोरीबोर्डचे कागद एकेक काढत गेले. आठवण गेली, मुकादम गेला, यंत्रं गेली. गाडी, बैल, मूल, रस्ता आणि शेवटी काटा एवढंच उरलं. ४६ शॉटचे ३१ झाले. लांबी तीन मिनिटं चाळीस सेकंद.

ही लांबी ऐकायला लहान वाटते. तीन मिनिटं चाळीस सेकंद म्हणजे २२० सेकंद, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ५,२८० फ्रेम. आम्ही बहुतेक काम ऑन टूज करतो, एक चित्र दोन फ्रेम टिकतं, त्यामुळे २,६४० चित्रं. आणि हे एका थराचं झालं. बैल वेगळ्या थरावर, गाडी वेगळ्या, मूल वेगळ्या. एकेका चित्राचं रफ, मग त्यावर नीट रेषा, मग रंग. स्थिर राहणारी चित्रं आणि पुन्हा वापरता येणारी चालीची चक्रं वजा करूनही बाराशेच्या आसपास चित्रं मला हाताने काढायची होती.

आबांना हे समजावून सांगताना मी त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांचा दाखला दिला होता. वाटाण्याचा दाणा पेरून, त्याच्यासमोर कॅमेरा लावून, थोड्या थोड्या वेळाने एकेक फ्रेम घेत त्यांनी १९१२च्या सुमारास रोप वाढताना पडद्यावर दाखवलं होतं. आबांना सिनेमाचं फारसं काही नाही, पण वाटाण्याचं लगेच समजलं. "म्हणजे रोज पाणी घालायचं आणि रोज एक फोटो," ते म्हणाले. "मग तुझं पीक कधी निघणार?" मी म्हटलं, एप्रिलमध्ये. तेव्हापासून फोनवर ते "किती पेर झाली?" असं विचारायचे आणि मी शॉटचा आकडा सांगायचे.

तर डिसेंबरच्या त्या रात्रीनंतर प्रश्न असा होता की नववा शॉट तसाच ठेवायचा की पुन्हा काढायचा. बैल एकट्या नवव्यात नव्हते. चौथ्यात, चौदाव्यात, बाविसाव्यात त्याच चालीचं चक्र फिरवलं होतं. एप्रिलच्या मध्याला सबमिशन. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीने, जी स्वतः थ्रीडी फिल्म करत होती, सरळ सांगितलं की ज्युरीतल्या कुणालाही हे कळणार नाही. खरं होतं ते. मी दोन दिवस तसंच ठेवायचं ठरवून बाकीचे शॉट करायला बसले. पण मूल मोळ्यांच्या खाचेत हलवताना प्रत्येक वेळी खालचे बैल दिसायचे, आणि आता मलाही ती गाडी मोकळीच दिसायला लागली होती.

मी चाल शिकले होते ती एडवर्ड मायब्रिजच्या छायाचित्रांवरून. १८८७ साली त्याने माणसं आणि जनावरांच्या हालचालींचे ७८१ पट्ट, म्हणजे ओळीने लावलेल्या छायाचित्रांची पानं, प्रसिद्ध केले, जगभरचे ॲनिमेटर अजून ते समोर ठेवून बसतात. मला सापडलेल्या पट्टांतला बैल मोकळा चालत होता, त्याच्या मानेवर जू नव्हतं. मी त्या मोकळ्या बैलाच्या मागे दोन-अडीच टनांची गाडी चिकटवली होती.

नाताळच्या सुट्टीत पुन्हा गावी गेले. या वेळी दादांना आधी विचारलं की सर्जा-राजाचे व्हिडिओ काढू का. चेहरे फिल्ममध्ये तुमचे दिसणार नाहीत, चाल फक्त तुमच्या बैलांची असेल, असं सांगितलं. दादा म्हणाले, "काढा की. पर पुढून नगा येऊ, राजा बुजतो." मग चार दिवस मी फडातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्याने कारखान्याच्या वळणापर्यंत त्यांच्या गाडीच्या बाजूने चालले. गाडीच्या चाकावर खडूने एक पांढरी रेघ ओढली, म्हणजे चाक कुठल्या फ्रेमला हललं ते मोजता येईल. भरलेली गाडी जाताना चित्रित केली, तीच रिकामी परत येतानाही केली.

घरी येऊन फ्रेम मोजल्या तेव्हा जे दिसलं ते कुठल्याच पुस्तकात मला मिळालं नव्हतं. रिकाम्या गाडीला सर्जाचं एक पूर्ण पाऊलचक्र २८ फ्रेममध्ये व्हायचं. भरलेल्या गाडीला ३८. म्हणजे मी नुसती चाल सावकाश करायची होती का? करून पाहिली. बैल दमलेला वाटायला लागला, पण गाडी अजून मोकळीच. मग एकेक फ्रेम पुढे-मागे करत पाहत बसले. ओझ्याखाली बैल वरखाली होतच नाही. मोकळा बैल चालतो तेव्हा पाठीला किंचित हिंदोळा असतो, ओढताना तो नाहीसा होतो. मान खाली जाते, वशिंडाच्या पुढे बसलेलं जू आणि पाठ जवळजवळ एका रेषेत येतात. पुढचं पाऊल आखूड पडतं. खरं काम मागच्या पायांचं. मागचा पाय शरीराच्या खूप मागेपर्यंत ताणला जातो आणि खुराचं टोक शेवटच्या क्षणापर्यंत जमीन सोडत नाही. गळ्याखालची पोळी मात्र हलत राहते, ती एकटीच सैल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडी थांबलेल्या अवस्थेतून निघताना. दादा कासरा हलवतात, बैल पुढे झुकतात, जू कुरकुरतं, मागचे पाय वाकतात, आणि चाकावरची खडूची रेघ जागच्या जागी. मी मोजलं, १४ फ्रेम. अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. एवढा वेळ बैल पूर्ण ताकद लावतात आणि काहीच हलत नाही. मग रेघ हळूच सरकते. ते १४ फ्रेम माझ्या शॉटमध्ये नव्हते. वजन काढायचं कसं हा प्रश्न मी आकाराने आणि रेषेने सोडवायला पाहत होते, आणि ते होतं या न हलण्यात.

नववा शॉट मी कोऱ्या पानावरून पुन्हा सुरू केला. आधी फक्त 'की' चित्रं, म्हणजे हालचालीतले मुख्य टप्पे, मग ब्रेकडाउन, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात कसं जायचं ते ठरवणारी चित्रं. इनबिटवीन, म्हणजे मधली उरलेली चित्रं, घालण्याआधी लाइन टेस्ट, म्हणजे नुसत्या रेषांतला हलता शॉट, दादांना पाठवली. उत्तर आलं, "आता भरली." पुढच्या तीन आठवड्यांत मी कॉलेज, मेस आणि खोली यांच्यापलीकडे कुठे गेले नाही. बैलांचे चारही शॉट बदलले. दोन शॉटांचं क्लीनअप, म्हणजे रफवर नीट रेषा ओढायचं काम, माझ्या मैत्रिणीने केलं, जिने कुणाला कळणार नाही म्हटलं होतं तिनेच. नामावलीत तिचं नाव आहे.

मधल्या अडचणी लांबवत नाही. फेब्रुवारीत हार्ड डिस्क टेबलावरून पडली आणि सतराव्या शॉटचं अकरा दिवसांचं क्लीनअप गेलं. तेव्हापासून काम तीन ठिकाणी ठेवते, लॅपटॉपवर, डिस्कवर आणि क्लाउडवर, आणि त्यातलं एक ठिकाण खोलीबाहेर असतंच. रेंडर, म्हणजे तयार शॉट बाहेर काढणं, थेट व्हिडिओत न करता पीएनजी सीक्वेन्समध्ये, म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं चित्र म्हणून, करायची सवयही एका रात्रीत लागली. वीज गेली तर झालेल्या फ्रेम शिल्लक राहतात, उरलेल्या तिथून पुढे करता येतात. हे शिक्षक पहिल्या वर्षापासून सांगत होते.

रंगांबद्दल मात्र थोडं सांगायचंय. मी रात्र निळी रंगवली होती, कारण चित्रांतली रात्र निळी असते. डिसेंबरातल्या त्या फेरीत वही घेऊन बसले तेव्हा ध्यानात आलं की त्या रस्त्यावर निळं काहीच नाही. कारखान्याच्या बाजूला आकाश पिवळट-तांबूस दिसतं, चिमणीचा धूर त्या उजेडात राखाडी दिसतो, मागून ट्रॅक्टर आला की त्याच्या झोतात धूळ पांढरी होते आणि बैल काळे पडतात. बाकी सगळा तपकिरी काळोख. मी पाच रंग ठरवले आणि अख्खी फिल्म त्यांतच केली. मुलाच्या गोधडीला तेवढा एक लाल दिला. बॅकग्राउंड पुन्हा रंगवायला आठ दिवस लागले आणि या आठ दिवसांत मला जितका आनंद झाला तितका वर्षभरात झाला नव्हता.

आवाजही तसाच. इंटरनेटवर बैलगाडीचे आवाज मिळतात, त्यांत लाकडी चाकांचा खडखडाट असतो. उसाच्या गाडीला रबरी टायर. तिचा आवाज म्हणजे जुवाची कुरकुर, पाचटाची सळसळ, खुरांचा डांबरावरचा बोथट ठोका आणि घुंगरं. जानेवारीत एका पहाटे, गाड्या खाली करून परत निघायच्या वेळी, दादांनी माझ्यासाठी सर्जाला एकट्याला रस्त्यावर चालवत नेलं. मी फोनला लोकरी मफलर गुंडाळून त्याच्या गळ्याजवळ धरला होता. त्याच्या घुंगरांत एक फुटका होता, त्यामुळे दर तिसऱ्या-चौथ्या पावलाला मध्येच एक बद्द असा आवाज यायचा. ध्वनिसंकलनात तो सहज पुसता आला असता. मी ठेवला. पाचट मात्र पोत्यात भरून पुण्याला आणलं आणि कपाटात गोधड्या टांगून आत बसून रेकॉर्ड केलं. महिनाभर आमच्या खोलीत उसाच्या पाल्याचा वास होता. संवाद एकही नाही. शेवटी काट्यावरचा माणूस पुकारतो तो गाडीचा नंबर तेवढा माणसाचा आवाज.

फिल्म १२ एप्रिलला पूर्ण झाली. ज्युरीत बाहेरून आलेल्या एका बाईंनी विचारलं, "ही तुमच्या घरची गोष्ट आहे का?" मी सांगितलं की नाही, आमचा ऊस त्या गाडीत असतो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी निघण्याचा शॉट पुन्हा लावायला सांगितला. तेवढंच.

मला वाटलं होतं की फिल्म झाली म्हणजे पोर्टफोलिओ झालाच. तो वेगळाच उद्योग निघाला, आणि त्याबद्दल आम्हाला वर्गात फार कमी सांगितलं गेलं होतं. माझी पहिली शोरील, म्हणजे नोकरीसाठी दाखवायची निवडक कामाची चित्रफीत, तीन मिनिटं दहा सेकंदांची होती. पहिल्या वर्षाचा उसळणारा चेंडू, दुसऱ्या वर्षातला थ्रीडी रोबोट, टायपोग्राफी, लोगो, आणि शेवटी, सगळ्यात चांगलं म्हणून राखून ठेवलेले फिल्ममधले शॉट. आमच्या कॉलेजातून निघून मुंबईत एका स्टुडिओत लागलेल्या एका दादाने ती व्हिडिओ कॉलवर पाहिली. विसाव्या सेकंदाला म्हणाला, "थांब. इथे मी बंद केली असती. तुझं चांगलं काम मला दिसलंच नाही." त्याच्या स्टुडिओत जागा निघाली की शेकड्याने रील येतात, सुपरवायझर काम करता करता त्या पाहतो, बहुतेकदा आवाज बंद करून. सर्वांत चांगला शॉट पहिला. त्याच्याइतका चांगला दुसरा नसेल तर रील तिथेच संपव. कच्चा शॉट एक जरी राहिला तरी पाहणारा समजतो की तुला कच्चं-पक्कं कळत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत लागला आणि सर्वांत उपयोगी पडला.

मी रील ६८ सेकंदांवर आणली. सुरुवात कशाने करायची यावर चार दिवस घातले. शेवटी पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे रिकामी गाडी परत येतेय, उजवीकडे भरलेली जातेय. तेच बैल, तीच गाडी, ऊस मुद्दाम चौकटीबाहेर ठेवला. नुसत्या पायांवरून आणि मानेवरून कुठली भरलेली आहे ते कळायला हवं. आवाज बंद असला तरी चालतं. रिकाम्या गाडीचा शॉट फिल्ममध्ये नाहीच, तो मी केवळ रीलसाठी वेगळा केला. फिल्ममधला सुंदर दिसणारा लांबचा शॉट, उगवतीचा, रीलमध्ये घेतला नाही. त्यात चित्रकला होती, ॲनिमेशन नव्हतं. मी ॲनिमेटर म्हणून अर्ज करत होते. बॅकग्राउंडसाठी अर्ज करणाऱ्याने नेमका तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती. हाताने एकेक चित्र काढून केलेल्या टूडी ॲनिमेशनची कामं आपल्याकडे थोडी आहेत. टीव्हीच्या मुलांच्या मालिका बहुतेक रिगवर होतात, म्हणजे पात्राचे हात, पाय, डोकं सुटे करून, सांधे लावून, कठपुतळीसारखे हलवून. हार्मनीसारखी सॉफ्टवेअर त्यासाठी येणं अपेक्षित असतं. मी फिल्म क्रितामध्ये केली आणि दाविंची रिझॉल्व्हमध्ये जोडली, दोन्ही फुकट मिळतात. त्याचा मला कधी कमीपणा वाटला नाही. २०२५ साली ऑस्कर मिळवणारी लॅटव्हियाची पूर्ण लांबीची फिल्म ब्लेंडरमध्ये झाली होती आणि ब्लेंडरही फुकटच आहे. पण पडद्यावर काय दिसतं एवढंच महत्त्वाचं, हे नोकरी देणाऱ्याला अर्धंच पटतं. त्याला सोमवारी सकाळी त्याच्या फाइलवर काम करणारा माणूस हवा असतो. कॉलेजचं हार्मनीचं लायसन्स मेअखेर संपणार होतं. त्याआधी तीन आठवड्यांत मी फिल्ममधल्या मुलाचं रिग केलं आणि त्याचे तीन छोटे शॉट केले. उठणं, जांभई देत गोधडी सावरणं, मोळीवरून खाली उतरणं. शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे की हे जानेवारीत करा.

पोर्टफोलिओच्या पीडीएफमध्ये मी आधी झाडून सगळं भरलं होतं, सॉफ्टवेअर किती टक्के येतं त्याच्या पट्ट्यासुद्धा. त्या काढल्या. वीस पानं ठेवली. स्वारगेटच्या स्टँडवर आणि मंडईत उभ्याउभ्या काढलेली तीस सेकंदांची स्केचेस, बैलाच्या चालीची मोजणी, नवव्या शॉटचं जुनं रूप आणि नवं रूप शेजारी शेजारी. खाली प्रत्येक ठिकाणी मी काय केलं आणि मैत्रिणीने काय केलं हे लिहिलं. जुना, चुकलेला शॉट दाखवावा की नाही यावर मतं पडली. मी ठेवला, आणि मुलाखतीत सगळ्यांनी त्याच पानावर थांबून विचारलं.

मे ते जुलै एकोणीस ठिकाणी अर्ज केले. बारा ठिकाणांहून उत्तरच नाही. चार नकार. एका ठिकाणी महिनाभर बिनपगारी 'ट्रायल' करायला सांगितलं, ते मी नाकारलं, आणि नाकारताना हात थरथरत होते हे खरं आहे. उरलेल्या दोघांनी टेस्ट दिली. एकाची टेस्ट अशी होती की पात्र एक पेटी ढकलतं, पाच दिवसांत करून पाठवा. पेटी किती जड आहे हे त्यांनी दिलेल्या सूचनांत कुठेच नव्हतं. मी मेल करून विचारलं. त्यांनी उलट विचारलं, तुम्हाला किती जड हवी? मी धान्याची पेटी धरली, आईच्या माहेरची, जी सरकवायला दोघं लागायचे. पात्र टेकतं, पाय घसरतो, पुन्हा टेकतं, पेटी हलत नाही. तिथे मी १४ फ्रेम ठेवल्या. जुलैच्या शेवटापासून त्या स्टुडिओत ज्युनियर ॲनिमेटर आहे. काम रिगवरचं, मुलांच्या मालिकेचं, रोज ठरावीक सेकंद पूर्ण करायचे असतात.

'खेप' सध्या महोत्सवांना पाठवतेय. बऱ्याच ठिकाणी प्रवेशशुल्क असतं, म्हणून विद्यार्थ्यांसाठी फुकट किंवा स्वस्त असलेले आधी निवडले. काही महोत्सवांना आधी कुठे जाहीर दाखवलेली फिल्म चालत नाही, त्यामुळे ती नेटवर टाकलेली नाही. दादांना मात्र मी मेमध्येच पाठवली, आकार लहान करून, व्हॉट्सॲपवर. ते तेव्हा बीडला गावी होते. दोन दिवस निळ्या खुणा झाल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री वहिनींचा आवाजी मेसेज आला. मागे माणसं बोलत होती, कुणीतरी फिल्म पुन्हा लावली होती, कारण तिचा आवाज येत होता.

"ताई, समद्यांनी बघितली. पोरगं आता नीट निजलंय. आन् ती घुंगरं सर्जाचीच हायत ना वो? ह्यांनी लगीच वळखली, त्यो फुटका घुंगरू. सर्जाला गेल्या बाजाराला इकला. आता ह्ये सारखं सारखं त्येच लावून बसल्यात."